बर्नर धुण्याचा सल्ला कोणाचा, याबाबत

प्रति,
मा. जिल्हा पुरवठा अधिकारी,
जळगाव.

अर्जदार : बेबाबाई तोताराम खाचणे, भरीत-पुरीचे दुकान, असोदा रस्ता, ता. जि. जळगाव.

विषय : इन्फ्रारेड गॅस ग्रिलचा भडका अर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे झाला, हा गॅस वितरक श्री. झुलालशेठ यांचा अहवाल खोटा असल्याबाबत व त्यांनी बंद केलेले सिलिंडर सुरू होण्याबाबत.

संदर्भ : खुलासा मागणारे आपले पत्र. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळाले.

महोदय,

"बर्नर पाण्याने धुतला हे खरे काय?" असे आपण विचारले आहे. खरे आहे. अर्जदाराने स्वतःच्या हाताने धुतला. झुलालशेठने धुवा म्हणून सांगितले, म्हणून धुतला. खुलासा एवढ्यातच संपतो. परंतु झुलालशेठ त्यावर उद्या नवीन काही रचून आणतील हे अर्जदारास ठाऊक असल्याने सर्व हकीकत लिहिणे भाग आहे.

अर्जदाराचे दुकान हिवाळ्यात चालते. भरताची वांगी अर्जदार कपाशीच्या काड्यांवर भाजत असे, आणि खाणाऱ्यांना तीच चव हवी असते. परंतु अर्जदाराचे पती तोताराम यांना दम्याचा विकार आहे. ते दुकानात पुऱ्या तळतात. काड्यांचा धूर झाला की झारा हातात धरून भिंतीला टेकून उभे राहत व खोकल्याची उबळ गेल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. डॉक्टरांनी सांगितले की, धूर सोडा नाहीतर दुकान सोडा. दुकान सोडून खायचे काय, हे डॉक्टरांनी सांगितले नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यापूर्वी अर्जदाराने झुलालशेठच्या दुकानातून सदर ग्रिल घेतले. त्यात ज्योत दिसत नाही. बारीक बारीक भोकांची मातीची एक फरशी असते, गॅस त्या भोकांतून येऊन फरशीच्या तोंडाशीच जळतो, आणि फरशी निखाऱ्यासारखी लाल होते. वर जाळीवर वांगे ठेवले की खालून उन्हासारखी सरळ आच लागते. यंत्र चांगले आहे. अर्जदाराची तक्रार यंत्राविरुद्ध नाही, हे कृपया नीट नोंदवावे. घेतले तेव्हा चार घाणे भाजून पाहिले. वांगी छान भाजली, आणि तोताराम त्या दिवशी पुऱ्या तळता तळता शीळ घालत होते. लग्नानंतर अर्जदाराने त्यांची शीळ प्रथमच ऐकली.

पावसाळाभर ग्रिल पोत्यात बांधून पडले होते. दिवाळीनंतर हंगाम लागला आणि ते काढले, तर फरशी मधोमध फिकट लाल होई व कडा काळ्याच राहत. वांग्याची साल करपे आणि आतला गर कच्चा. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नसे, पण पान अर्धे टाकून उठे. अर्जदाराने झुलालशेठकडे निरोपावर निरोप पाठवले. शेवटी ते आले, ते कोणाच्या तरी साखरपुड्याला जाताना वाटेवर थांबले म्हणून. अंगात पांढरेशुभ्र कपडे होते. ते स्कूटरवरून उतरलेसुद्धा नाहीत. अर्जदाराने ग्रिल उचलून रस्त्यावर त्यांच्यापुढे नेऊन धरले. त्यांनी लांबूनच पाहिले आणि म्हणाले, "वांग्याचं पाणी गळून भोकं बुजली आहेत. धुवून काढा."

अर्जदाराने विचारले, "फरशीसुद्धा? पाण्यानं?"

त्यावर झुलालशेठ दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "मग काय दुधानं? बाई, ताट धुता ना घरी? तसंच धुवा. अडाणी माणसाला यंत्र विकलं की हीच पीडा." लोक हसले. अर्जदारही हसली. त्या हसण्याची तिला आजवर चीड आहे.

चंपाषष्ठीच्या सकाळी अर्जदाराने फरशी पाण्याने स्वच्छ धुतली, फडक्याने पुसली आणि जाळीखाली बसवली. त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी भरीत लागते, दुकानासमोर डबे घेऊन माणसे उभी होती. अर्जदाराने काडी ओढली. फरशी तापू लागली, मग तडतड आवाज झाला आणि ती मधून उभी फुटली. भोकांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तसे होते, हे अर्जदारास नंतर कळले. आच वर यायची ती फटीतून मागे गेली, फट्‌ असा बार झाला, आणि रबरी नळीने पेट घेतला.

लोक पळाले. अर्जदाराच्या पदराला आग लागली नव्हती, पण ती जागच्या जागी खिळून राहिली. तोताराम धावले. त्यांनी जळती नळी ओलांडून हात घातला आणि सिलिंडरची चावी बंद केली. चावी फिरेपर्यंत हात काढला नाही. नंतर अर्जदार रडू लागली तेव्हा ते म्हणाले, "मले काई नही झालं. तू आधी लोकाईले पाणी दे." त्यांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत गेली आहे. झारा धरता येत नाही. पुढे धरता येईल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

झुलालशेठ दुसऱ्या दिवशी आले. या वेळी स्कूटरवरून उतरले. तोतारामांची चौकशी केली नाही. फुटलेली फरशी "तपासणीसाठी" मागितली. अर्जदाराने दिली नाही. तेव्हा म्हणाले, "बघून घेतो." त्यानंतर सिलिंडर यायचे बंद झाले आणि आपल्या कार्यालयात अहवाल गेला की, ग्राहकाने वितरकास न विचारता बर्नर पाण्याने धुतला, सबब अशा ग्राहकास गॅस देणे सार्वजनिक सुरक्षेस धोक्याचे आहे. महोदय, तोंड एकच, त्यातूनच सल्ला निघाला आणि त्यातूनच आरोपही निघाला.

आपण साक्षीदार विचाराल. सल्ल्याच्या दिवशी दुकानाच्या बाकावर नेहमीचे गिऱ्हाईक शालिग्रामआबा बसले होते. झुलालशेठचे बोलणे त्यांनी ऐकले आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले होते. अर्जदार त्यांच्या घरी गेली. त्यांनी चहा दिला आणि चहा संपल्यावर म्हणाले, "अक्का, मी ऐकलं, नही कसं म्हनू? पन पोरीचं लगन तोंडावर आलं. शंभर पानांचा सयपाक, गॅस झुलालशेठचाच. मले त्याच्याशी वाकडं घेनं परवडत नही." अर्जदार त्यांना साक्षीस बोलावणार नाही. मात्र ते चारचौघांत खोटे बोलले, तर अर्जदार त्यांना त्यांच्या मांडवात जाऊन विचारील, हेही त्यांनी लक्षात ठेवावे.

झुलालशेठने आसपासच्या सर्व कारागिरांना ग्रिलला हात न लावण्याची ताकीद दिली आहे. म्हणून अर्जदार ते गोधडीत गुंडाळून एस.टी.ने धुळ्याला घेऊन गेली. तेथे हॉटेलांच्या भट्ट्या दुरुस्त करणारे रुपचंद तायडे आहेत. त्यांनी फुटके तुकडे बाजूला ठेवले आणि आधी गॅसची नळी जेथे बर्नरला मिळते ते तोंड उघडले. तेथूनच गॅसबरोबर हवा आत जाते. आत तार घातली, तर पावसाळ्यात कोळ्याने विणलेले जाळे बाहेर आले. हवा अडली म्हणून फरशी नीट लाल होत नव्हती. भोके बुजलेलीच नव्हती. रुपचंद म्हणाले की, असल्या यंत्रात कोळी घर करतो ही रोजची गोष्ट आहे, विकणाऱ्याने पहिल्यांदा तेच पाहायचे. आणि फरशीला पाणी कधीच दाखवायचे नाही. काम झाले की थोडा वेळ मोठ्या आचेवर ठेवायची, सांडलेले जळून जाते, गार झाल्यावर कोरड्या ब्रशने झटकायची.

म्हणजे वाकून एक तार घालण्याचे काम होते. कपडे मळतील म्हणून झुलालशेठ वाकले नाहीत, आणि त्यांच्या न वाकण्याने अर्जदाराच्या नवऱ्याचा हात गेला.

रुपचंद यांनी नवीन फरशी व नळी बसवून दिली आहे. ग्रिल उत्तम स्थितीत दुकानात ठेवले आहे, आणि सिलिंडर नसल्यामुळे त्याच्या शेजारी बसून अर्जदार पुन्हा काड्यांवर वांगी भाजत आहे. तोताराम हाताला पट्टी बांधून रस्त्यापलीकडच्या निंबाखाली बसतात. वारा तिकडे वळला की खोकला इकडे ऐकू येतो. झुलालशेठची स्कूटर त्याच रस्त्याने जाते. परवा ती थांबवून ते तोतारामांना म्हणाले, "माफीचा कागद लिहून द्या, उद्या सिलिंडर पाठवतो." त्याचे उत्तर अर्जदार देत आहे : कागद हा आहे आणि यात माफी नाही.

सबब विनंती की, आपण दोन्ही पक्षांस समक्ष बोलवावे. अर्जदार ग्रिल घेऊन येईल. पाण्याचा तांब्याही आणील. पाणी धोक्याचे असे झुलालशेठ अहवालात म्हणतात तसेच समक्षही म्हणत असतील, तर ते ठाऊक असूनही त्यांनी धुवायला सांगितले असे धरावे लागेल, आणि मग अर्जदाराला समोर उभी करून लोकांना हसवणाऱ्या माणसाला आपण काय म्हणायचे ते म्हणावे. आणि पाण्याने काही होत नाही असे त्यांचे म्हणणे असेल, तर फरशी आपल्यासमोर धुवावी, आपण कार्यालयाच्या आवारात लांब उभे राहावे, आणि काडी झुलालशेठने स्वतः ओढावी. अर्जदार लांब उभी राहणार नाही. सिलिंडरच्या चावीवर हात ठेवून त्यांच्या शेजारीच बसेल.

त्यांनी काडी ओढली नाही, तर तोच त्यांचा जबाब म्हणून लिहून घ्यावा.

तारखेची वाट पाहणारी,
बेबाबाई तोताराम खाचणे
(सही स्वतःची आहे, अंगठा नाही)

असोदा, दि. १७ जानेवारी १९९४

सोबत : १. फुटलेल्या फरशीचे तुकडे, फडक्यात बांधून. २. कोळ्याचे जाळे, कागदाच्या पुडीत. पुडी कृपया पंख्याखाली उघडू नये.