केळीच्या पानातला भात

आबा, तुम्ही गेलात त्याला पंधरा वर्षं होतील. तुम्ही होतात तेव्हा जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही, म्हणून आज शाळेच्या एका जुन्या वहीत लिहिते आहे.

चीनशी लढाई सुरू झाली तेव्हा मी कशेळ्याच्या शाळेत नवीच बाई होते. रेडिओवर बातम्या लागल्या की अंगावर काटा यायचा. सातवीच्या मुलांना मी लाकडाच्या बंदुका करून दिल्या, एक नाटुकलं बसवलं आणि लेकीच्या हट्टानं तुम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं. तुम्ही तेव्हा माथेरानला हातरिक्षा ओढत होता. ब्रह्मदेशात जपान्यांशी झालेल्या लढाईतली तुमची पदकं मीच चिंच लावून घासली, मीच तुमच्या सदऱ्यावर लावली. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही अवघडून उभे आहात, मुलं मांडी घालून बसली आहेत आणि नाटकात सेनापती झालेला मुलगा विचारतो, "आबा, तुमी किती मारले?"

"एक मारला, येवढं ठावं हाय," तुम्ही म्हणालात. "जवळ जाऊन बघतो तर मिशीबी फुटली नवती त्याला. झोळीत केळीच्या पानात बांधलेला भात हुता. दोन दिवस माझ्या पोटात काय नवतं. त्याच्याच शेजारी बसून खाल्ला. तो मेला नवता रं. बघत हुता माझ्याकडं."

टाळी वाजलीच नाही. हेडमास्तरांनी घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू केलं. घरी आल्यावर मी तुमच्यावर ओरडले, "आबा, चार लोकांत माझी शोभा केलीत! दोन शब्द शौर्याचे सांगितले असते तर काय झालं असतं?" तुम्ही चुलीपाशी बसून पदकं सोडवत होता. मान वर न करता म्हणालात, "बंदुका तू दिल्यास बाय. मग फुडचं कुनी सांगायचं?" त्यानंतर कितीतरी शनिवार तुम्ही डोंगर उतरून घरी यायचात आणि मी ताट वाढून उठून जायचे.

तो सेनापती मोठा झाल्यावर खरंच सैन्यात गेला. एकाहत्तरच्या लढाईनंतर कशेळ्याच्या एसटी थांब्यावर भेटला तो कुबड्यांवर. डावा पाय गुडघ्यापासून नव्हता. आदल्या दिवशी गावानं मिरवणूक काढली होती, गुलाल कानामागे तसाच होता. माझ्या पाया पडायला गेला, पण त्याला वाकता येईना.

"बाई, आबा हायेत का घरी?" त्यानं विचारलं. "दुसऱ्या कुनापाशी बोलताच येत नाय. मलाबी त्यांना एक सांगायचंय."

तुम्हाला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तसं सांगितलं, तर तो बाकावर बसला आणि माणसांदेखत रडला. मी त्याच्या कुबड्या धरून उभी राहिले. बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "आबांनी तवाच सांगितलं हुतं. पन आमाला वाटलं, तापात बरळले."

आबा, तुम्हाला कुठला ताप? नाटकाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात तसं मीच सांगितलं होतं, माझी लाज झाकायला. तो आजही भेटतो, तुमची आठवण काढतो. ताप खोटा होता, एवढं एक वाक्य मला त्याच्यापाशी बोलता आलेलं नाही.