नवा कॉम्प्युटर येईपर्यंत

११ ऑगस्ट १९९१, रविवार, सकाळ

आजपासून डायरी. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

शैलजा आणि विनया मेपासून सांगलीला, सासरेबुवांकडे. सुट्टीसाठी. सुट्टी जरा लांबली आहे, इतकंच. मे महिन्यात शेजारच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये अतिरेक्यांचा गोळीबार झाला आणि विनया नेमकी तेव्हा तिथे ब्रेड आणायला गेली होती. पोरीला साधं खरचटलंही नाही. तरी दुसऱ्या दिवशी शैलजाने बॅगा भरल्या. जूनमध्ये विनयाला तिकडच्या शाळेत घातलं, तेही तात्पुरतं.

निश्चय: दिवाळीपर्यंत दोघींना परत आणायचं. भांडून नाही, पुराव्यानिशी. चंदीगड किती सुधारतंय हे दर रविवारी फोनवर सांगायचं. मी स्टॅटिस्टिक्सचा माणूस आहे. आकड्यांपुढे कुणाचं चालत नाही.

१४ ऑगस्ट

मोठी बातमी. डिपार्टमेंटला नवा एटी कॉम्प्युटर मंजूर. जुन्या एक्सटीची डिस्क वीस एमबी, याची चाळीस! आख्ख्या युनिव्हर्सिटीचे आकडे कोंबले तरी जागा उरेल. आता जन्मात दुसरं मशीन घ्यायला नको.

हेडसाहेब कॉरिडॉरमध्ये भेटले. म्हणाले, आप देख लेंगे ना? म्हणजे मी इनचार्ज. ऑर्डर निघाली नाही, पण अशा गोष्टी कागदावर कुठे असतात? कॉम्प्युटर रूमच्या दारावर नवी पाटी लावली. चपला-बूट बाहेर काढा, इंग्रजी आणि हिंदीत. खाली लहान अक्षरांत मराठीतही. मराठी वाचणारा इथे मीच, पण शिस्त म्हणजे शिस्त.

१८ ऑगस्ट, रविवार

बंद. रस्त्यावर कुत्रं नाही. चांगलंच झालं, विश्रांती मिळाली. शेजारच्या रघुवीरजींकडे व्हीसीआर. तीन पिक्चर पाहिले. पहिल्यात दोन भाऊ जत्रेत हरवतात आणि वीस वर्षांनी एकाच हवालदाराच्या घरी भेटतात. असं घडण्याची शक्यता किती, ते तिथल्या तिथे वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवलं. रघुवीरजींच्या मिसेस म्हणाल्या, भाईसाब, चुप करके देखो जी. शेवटी आई सगळ्यांना ओळखते तेव्हा त्या रडल्या. मीही रडलो. मला सर्दी होतीच.

बंदमुळे फोनचा बूथही बंद, म्हणून फोन झाला नाही. हे शैलजाला सांगायचं नाही. लाइन खराब होती म्हणायचं.

यापुढे पिक्चर बंद. फालतू वेळ जातो.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी रघुवीरजींच्या स्कूटरवरून चंदीगडबाहेर झिरकपूरला. प्लॉट पाहिला. डीलरने शेतात उभं राहून इकडे मार्केट, तिकडे पार्क, पलीकडे शाळा असं हात फिरवून दाखवलं. माणसाला दृष्टी आहे. मुंबईचे लोक उद्या इथे घरं मागत येतील, हे मी आजच लिहून ठेवतो.

परतताना फोन. आमच्या नव्या मार्केटमध्ये एसटीडी बूथ झालाय, हाही विकासच. शैलजाला प्लॉटचं सांगितलं. तिने विचारलं, शेजारी कोण राहतं. म्हटलं, सध्या म्हैस. ती हसली. किती दिवसांनी हसली! मग चाळीस एमबी म्हणजे किती, रॅम म्हणजे काय, डिस्क म्हणजे काय, सगळं समजावलं. शांतपणे ऐकत होती. मध्येमध्ये प्रश्नही विचारले. बाईला माझ्या कामात रस वाटू लागलाय. लक्षण उत्तम.

विनयाला दिलं. तिने शाळेच्या सहलीचं सांगितलं, मराठीत. इथे असताना माझ्याशी हिंदीतच बोलायची.

१ सप्टेंबर, रविवार

शैलजाने भलतंच काढलं. सांगलीच्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या लेक्चररची जागा निघालीय. वीस तारखेला इंटरव्ह्यू. मी यावं, म्हणते. सासरेबुवा प्रिन्सिपॉलना ओळखतात.

हॅ! मी युनिव्हर्सिटीतला रीडर, तिथे जाऊन लेक्चरर होऊ? वर सासुरवाडीत राहून, सासऱ्यांच्या वशिल्याने? उद्या बाजारात त्यांची पिशवी धरायलाही लावतील. पण फोनवर तोंडावर नाही म्हटलं नाही. म्हटलं, बघतो. ती म्हणाली, बघतो नको, या. विनया झोपेत दचकते अजून, म्हणाली.

हे शेवटचं आधी सांगितलं नव्हतं तिने.

४ सप्टेंबर

जायचं ठरवलं. इंटरव्ह्यूला नाही, नुसतं भेटायला. झालाच तर इंटरव्ह्यू. अंबाल्याहून झेलम एक्सप्रेसचं सतरा तारखेचं रिझर्व्हेशन केलं. शैलजाला तार केली. विनयासाठी लाल स्वेटर घेतला. दुकानदाराने विचारलं, बच्ची कितनी बडी है? हाताने उंची दाखवली आणि मग वाटलं, आता वाढली असेल. एक साइज मोठा घेतला.

११ सप्टेंबर

घोटाळा. एटी सोळाला येणार होता. दिल्लीहून ट्रक निघालाच नाही, आता अठरा ते वीसच्या मध्ये कधीतरी. मी नसताना मशीन आलं तर? नरेश नावाचा नवा लेक्चरर टपूनच बसलाय. कालचा पोरगा, पण हेडसाहेबांच्या केबिनमध्ये सारखी ये-जा. गेल्या आठवड्यात तो बूट घालून कॉम्प्युटर रूममध्ये शिरताना मी स्वतः पाहिला.

१५ सप्टेंबर, रविवार

तिकीट रद्द. शैलजाला नीट समजावलं की चार दिवसांचा प्रश्न आहे, मशीन एकदा लागलं की दिवाळीला तुम्हालाच इकडे आणतो, मग इंटरव्ह्यू हवाय कशाला? तिने विचारलं, तुम्ही नसलात तर ते मशीन सुरू होणार नाही का? म्हटलं, तसं नाही, पण जबाबदारी असते. बरं, म्हणाली.

पटलं तिला. मला वाटलं होतं चिडेल.

संध्याकाळी रघुवीरजींकडे एक पिक्चर. एकच. हिरो बायको सोडून शहरात पैसे कमवायला जातो. मध्येच उठून आलो. ॲक्टिंग सुमार.

२० सप्टेंबर

आला! आज दुपारी! बघा, म्हणजे मी थांबलो ते बरोबरच होतं.

नव्या मशीनचा मुहूर्त झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं मी सांगितलं. आमच्याकडे नारळ फोडतात, हेही सांगितलं. हेडसाहेब म्हणाले, लड्डू मंगवा लेते हैं. लाडू कसले? नारळ तो नारळ. इथल्या हॉस्पिटलात नोकरीला असलेल्या दामोदररावांच्या शशिकलावहिनी दर खेपेला गावाहून नारळ आणतात. दसऱ्याच्या सरस्वतीपूजनासाठी राखून ठेवलेला एक त्यांनी लगेच काढून दिला. मॉनिटरला हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली. प्यून अशोकसुद्धा हात जोडून उभा राहिला. डिपार्टमेंटला एकदम घरपण आलं.

इतकंच. थकलोय. बाकी उद्या.

२२ सप्टेंबर, रविवार

बाकीचं लिहून टाकतो. नारळ मी टेबलाच्या कडेवर आपटला. पहिल्यांदा नुसता ठक्क. दुसऱ्यांदा जोर जास्त झाला. पाणी सगळं कीबोर्डमध्ये. तेवढ्यात कंपनीच्या इंजिनियरने मशीन चालू केलं तर ते नुसतंच पीं पीं करत राहिलं. तो म्हणाला, वॉरंटीत नारळ बसत नाही. तोही बूट घालूनच आत आला होता, पण ते कोण बघतो?

दोष नारळाचा. इथपर्यंत येईतो सुकून पाणी कमी व्हायला हवं होतं. शिवाय कीबोर्ड तात्पुरता दूर ठेवणं हे इंजिनियरचं काम.

फोन केला नाही. बूथवर रांग होती. तिघांची.

२७ सप्टेंबर

दिल्लीहून नवा कीबोर्ड आला. एटी हेडसाहेबांच्या केबिनमध्ये हलवला. या मॉडेलला पुढे कुलूप असतं, कपाटासारखं. किल्ली नरेशकडे. ऑर्डरही निघाली. म्हणजे अशा गोष्टी कागदावर असतात तर.

मी जुन्या एक्सटीचा इनचार्ज. एका अर्थी चांगलंच, एकाग्रता होते. खोलीचा एसी तेवढा काढून नेला.

२९ सप्टेंबर, रविवार

फोन. सासरेबुवांनी उचलला. शैलजा बाहेर गेलीय म्हणाले. कुठे, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आवाज फार आनंदी वाटला त्यांचा.

६ ऑक्टोबर, रविवार

परत सासरेबुवा. शैलजा देवळात. विनया मैत्रिणीकडे. मग त्यांनाच सांगितलं की रस्त्यावरचे दिवे बदलले, चौकात नवी फुलं लावली. ते म्हणाले, छान, छान.

रघुवीरजी सपरिवार लुधियान्याला गेलेत. व्हीसीआर कुलपात. भात जास्त झाला. दोघींच्या वाटचा अजून हाताला अंदाज राहिलाय. तिन्ही खोल्यांतले दिवे लावून बसलो. कंटाळा येतो. कंटाळा म्हणजे काय ते खरं तर मला माहीत आहे, पण ते लिहीत नाही.

निश्चय: पुढच्या रविवारी शैलजाला स्पष्ट सांगायचं की कॉम्प्युटरचं काम संपलं, मी येतो. इंटरव्ह्यू हुकला तर हुकला. सासरेबुवांना सांगून पुन्हा काहीतरी जमवता येईल. घेईन लेक्चररशिप. पिशवीही धरीन.

१३ ऑक्टोबर, रविवार

शैलजाच आली फोनवर. मी काही बोलायच्या आत म्हणाली, तुम्हाला एक सांगायचंय.

वीस तारखेला मी गेलो नाही, तर ती गेली. इंटरव्ह्यूला. अर्ज तिने आधीच करून ठेवला होता, माझ्या नावाचा एक आणि तिच्या नावाचा एक. एम.एस्सी.ला आम्ही एकाच वर्गात होतो, हे मी गेली कित्येक वर्षं विसरून गेलो होतो. तिचा पहिला नंबर होता. माझाही बरा होता. कॉलेज नवीन कॉम्प्युटर घेणार आहे, म्हणून इंटरव्ह्यूत सगळे प्रश्न त्यावरच विचारले. रॅम म्हणजे काय, डिस्क म्हणजे काय. तुम्ही फोनवर सांगितलं होतंत तेच सांगितलं, म्हणाली. खूप उपयोग झाला तुमचा.

याच महिन्याच्या एक तारखेपासून कामावर जाते आहे. परमनंट. विनया हल्ली रात्री नीट झोपते.

मी अभिनंदन केलं. मनापासून केलं. मग म्हटलं, शैलजा, मला इथे करमत नाही गं. मी येऊ का? त्या कॉलेजात अजून कुणी लागेल का?

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असावी.

म्हणाली, अहो, एकच जागा होती.