कोंडाबाईची घोंगडी

पौड, ४ फेब्रुवारी १९२६

आज स्वतःचं चांगलंच हसं करून घेतलं. धनगरवाड्यावर बायांना येशूनं दिलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगत होते. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून त्या एकामागं जातो, म्हटलं, तर कोंडाबाई म्हणाली, "आन् त्या नव्याण्णवांकडं कोन बगतंय? लांडगा?" सगळ्या खिदळल्या. मी चिडून म्हटलं, "देवावर भरवसा ठेवावा, चिंता करू नये!" आणि तिथंच मला रडू फुटलं. असं कसं झालं? नगर सोडल्याला वर्ष झालं, इथं मनातलं बोलायला कोणी नाही. पण चर्चच्या पाळकाच्या बायकोचं तोंड कायम प्रसन्न हवं, असं ह्यांचं म्हणणं.

कोंडाबाई उठली. स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर टाकून जवळ बसली. काय वास त्या घोंगडीला!

"खानं सोडलेल्या मेंढीला आमी असंच करतो," म्हणाली. "तिच्यावर वरडत न्हाई."

घरी येऊन दोनदा अंघोळ केली, तरी घोंगडीचा वास जाईना. संध्याकाळी प्रार्थनेला बसताना हे नाक मुरडून म्हणाले, "घरात मेंढरू शिरलंय की काय?"

"हो," मी म्हटलं. "आजच सापडलं."