वजाबाकीतले अठ्ठावन्न

अमरावती, ६ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
रश्मीचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्ही हो, बरं आहे, एवढंच म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते. आचलला शाळेसाठी तक्ता करायचा आहे: घरातल्या प्रत्येकाचं वजन चंद्रावर किती, मंगळावर किती. सर म्हणाले, वस्तुमान कुठेही गेलं तरी तेच राहतं. ओढ कमी-जास्त होते, तसं वजन बदलतं. आजी आता नाही, तरी तिने आजीचंही नाव लिहिलं आहे. मला तिला खोड म्हणवलं नाही. आईचं शेवटचं वजन आणि तुमचं आजचं कळवा. काट्यावर खरंच उभे राहा, अंदाजे लिहू नका.

तुमची,
रश्मी

अकोला, ११ ऑगस्ट

चि. रश्मीस,
सप्रेम जयभीम.

काट्यावर उभा राहिलो. एक्कावन्न भरलो. दोनदा पाहिलं.

तुझ्या आईला शेवटचे तीन महिने उभं राहता येत नव्हतं. दर रविवारी मी तिला उचलून काट्यावर उभा राहायचो आणि त्यातून माझे अठ्ठावन्न वजा करायचो. शेवटच्या रविवारी दोघांचे ब्याण्णव भरले. चौतीस, असं मी तिला सांगितलं. आता तं मेथीची जुडी झाली मी, म्हणून हसली. त्या दिवशी जेवली नाही.

मी स्वतःला वेगळं मोजलंच नव्हतं. तेव्हाही एक्कावन्नच असेन, तर ती एक्केचाळीस होती. घटत मी होतो आणि सांगत तिला होतो. सव्वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत तराजू पुसले. पोरांना म्हणायचो, आधी रिकामं पारडं पाहा.

आचलला एक्केचाळीस लिहू दे.

तुझे,
बाबा

अमरावती, १६ ऑगस्ट

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

आईला माहीत होतं. मे महिन्यात मी आले, तेव्हा तुम्ही औषध आणायला गेला होता. म्हणाली, तुह्या बाबाले वाटते मी वाळून राहिली. अवं, उचलतानी त्याईचेच हाडं टोचते मले. पन सांगू नोको त्याईले, नाई तं मले उचलनं बंद करतीन.

म्हणून मीही गप्प राहिले. त्या दिवशी ती का जेवली नाही, ते मला माहीत नाही.

आचलच्या हिशेबाने आजी चंद्रावर इथल्या सात किलोंएवढी. आजोबा एका हाताने उचलतील, म्हणाली.

आम्ही दोघी पुढच्या रविवारी येतो. आमच्यावरची माया आहे तशी असू द्या आणि तोवर वेळेवर जेवा. तक्त्यात आजीचे एक्केचाळीस तिने पेनने लिहिले आहेत. तुमचे एक्कावन्न पेन्सिलीने.

तुमची,
रश्मी