राजाभाऊंचा सल्ला

मुनिरका, दिल्ली
६ सप्टेंबर १९८७

ती. बाबांस,
वृंदाचा शि. सा. नमस्कार.

काल पहाडगंजला राजाभाऊकाकांकडे जाऊन आले. येत्या फेब्रुवारीत रिटायर झाल्यावर फंडाची रक्कम एकदम घ्यावी की दरमहा पेन्शन, हे तुम्ही विचारायला सांगितलं होतं. काका म्हणाले, बिल्कुल फंडच घे म्हणावं. पेन्शनवाल्यांनी जन्मभर बँकेच्या रांगेत उभं राहायचं. फंडात राहायचं तर या महिनाअखेरपर्यंत तसं लिहून द्यावं लागतं, नाहीतर पेन्शन आपोआप लागू होते, हेही बजावलं.

मग स्वयंपाकघरात खिचडी परतताना कुमुदकाकू सहज बोलून गेल्या, की यांनी बाई मिळालेला फंड परत भरून पेन्शन घेतली; यांच्यामागे मलाही थोडी मिळेल, जिवाला घोर नाही.

मी बाहेर येऊन काकांनाच विचारलं. ते हसले. म्हणाले, अगं, ज्याचं त्याचं गणित वेगळं. शिवाय बळवंतची, म्हणजे तुमची, रक्कम आमच्या अविनाशच्या नोएडाच्या प्लॉटांत लावायचं ठरलंय ना! बाबा, हे कधी ठरलं? आईला माहीत आहे? ते पैसे बुडाले, तर तुमच्यामागे तिला काय? कृपा करून काही लिहून देऊ नका. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून ऑफिसभर मिरवता मला, तर एकदा माझं ऐकाही.

आईला नमस्कार. तुमची माया अशीच राहो.
वृंदा

*

जयपूर
१२ सप्टेंबर

चि. वृंदास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मान खाली गेली. दिल्लीत मला नोकरीला लावलं ते राजाभाऊंनी. तुझी आई आणि मी त्यांच्या एका खोलीत संसार मांडला. त्यांच्या घरची खिचडी खाऊन त्यांचीच उलटतपासणी घ्यायची, हे बी.ए.ला शिकवतात का? अविनाश आपल्या डोळ्यांसमोर वाढला आहे. फंडात राहण्याचा अर्ज लिहून ठेवला आहे, २१ तारखेच्या सोमवारी देईन. आईला यात ओढू नकोस. पाणी उकळून पी.

तुझा,
बाबा

*

मुनिरका
४ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

बाबांनी नको म्हटल्यावरही मी तुला सगळं कळवलं, त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. सोमवारी ऑफिसला निघालेल्या बाबांना तू दारातच विचारलंस, की तुमच्यामागे मला अविनाश पोसणार आहे का? ते चपला घालून तसेच खुर्चीत बसले, आणि अर्ज काही गेला नाही. आता तारीख उलटली; पेन्शन पक्की. वाचून मी खोलीत एकटीच नाचले गं!

मग पुढचं वाचलं. वृंदाने मला राजाभाऊंना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं बाबा म्हणतात. काकांबद्दल एक शब्द नाही, राग सगळा माझ्यावर. वर हा निरोप, की दसऱ्याला सोनं घेऊन जा, काकांच्या पाया पड आणि माफी माग.

आई, परवा दसरा झाला. मी गेले नाही. काकांनी फसवलं ते मी विसरले असते, ते परके. पण खोटं बोलले म्हणून लहानपणी मला उपाशी ठेवणारे बाबा आज खरं बोलल्याची माफी मागायला सांगतात. चुकले असते, तर पहाडगंजपर्यंत चालत गेले असते.

तुझा लोभ आहेच. बाबांना नमस्कार सांग. त्यांचा लोभ मागायला या वेळी हात धजत नाही.

तुझी,
वृंदा