सातवं नाव

चेरुंपाडम,
शुक्रवार, ८ एप्रिल १९९४

प्रिय बीरान,

अस्सलामु अलैकुम. इथे सगळे बरे आहेत, तूही तिकडे बरा असशील. जुम्म्याची नमाज आटोपून लिहायला बसलो आहे. मूसा रविवारी पहाटे सौदीला निघतोय. त्याच्याबरोबर केळ्याचे वेफर्स, कोळिकोडचा हलवा, तुझ्या सुहराने दिलेलं लिंबाचं लोणचं आणि व्हिडिओ कॅसेट पाठवतो आहे. लग्नांचं चित्रण करणाऱ्या स्टुडिओवाल्याने आपल्या सेमीफायनलचं चित्रण केलं, त्याची ही कॅसेट. दम्मामच्या तुमच्या खोलीत सगळी पोरं टीव्हीभोवती जमतील, हे मला इथून दिसतं. एकच विनंती. कॅसेट लावण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. एकट्याने वाच.

आधी तुझ्या आवडीचं सांगतो. आपला संघ फायनलला गेला. पण तुला खरं सांगू? आपण जिंकतो आहोत, खेळत नाही. पाठची फळी म्हणजे फाटकी पिशवी, वरून काहीही घाला, खालून गळतं. मधल्या फळीतला अब्दू चेंडू मिळाला की डोळे मिटून लांब मारतो आणि पुढे तुझा जौहर आहे, तो बघून घेईल, अशा भरवशावर सगळे उभे राहतात. एका पोराच्या पाठीवर गाव बसलं आहे. मी क्लबात हे बोललो तर सेक्रेटरी कुंजिप्पा म्हणाला, "मास्टर, जिंकलेल्या संघाला नावं ठेवणारे तुम्ही जगात एकटेच!" सगळे हसले. हसू देत.

आणि पेनल्टी! बीरान, या विषयावर मी मशिदीच्या पायरीवर, चहाच्या टपरीत, वाचनालयात, सगळीकडे भांडून झालो. सेव्हन्समध्ये सात-सात गडी, मैदान लहान, ऑफसाइड नाही, म्हणून लोकांना वाटतं नियमच नाही. मंजेरीहून येणारा रेफ्री शिट्टी तोंडात धरतो, पण फुंकायला घाबरतो. गॅलरीतली माणसं घरी जाऊ देणार नाहीत, ही त्याची भीती. मी म्हणतो, पेनल्टी ही एका संघाला मिळालेली भीक नव्हे. ती पोरांच्या आयांना गावाने दिलेली हमी आहे. ज्या चौकटीत मारणाऱ्याला शिक्षा होत नाही, तिथे मारायची परवानगी आहे. रोमच्या आखाड्यांविषयी मी पोरांना तीस वर्षं वर्गात शिकवलं. तिथेही लोक खाऊनपिऊन आनंदानेच बघायला जात होते.

सेमीफायनलमध्ये आपली पेनल्टी होती. शंभर टक्के होती. जौहर डोक्याने चेंडू घ्यायला उडाला आणि कडवत्तूर ब्रदर्सचा गोलकीपर गुडघा पुढे काढून बाहेर आला. गुडघा जौहरच्या कानशिलावर बसला. आवाज समालोचनाच्या माइकपाशी बसलेल्या मलाही ऐकू आला. रेफ्रीने पेनल्टीऐवजी दिली गोलकिक. जौहर पडला होता. आपल्या लोकांनी नेहमीप्रमाणे डोक्यावर सोड्याची बाटली ओतली, बर्फ लावला, दोन थपडा दिल्या आणि तो उठला. गॅलरी हलली अशा टाळ्या. तो खेळला. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्ट्यांवर आपण जिंकलो. शेवटची पेनल्टी जौहरनेच मारली, कोपऱ्यात, सुईत दोरा ओवावा तशी.

हे तू कॅसेटमध्ये बघशीलच.

सुहराची कंबर आता बरी आहे. नारळाला भाव नाही. तुझ्या नव्या घराच्या पायरीला तडा गेला होता, गवंड्याकडून भरून घेतला.

शनिवार

काल इथेच थांबलो. पायरीचा तडा लिहिला आणि पुढे हात चालेना. मी, बीरान! ज्याला माइकपासून ओढून न्यावं लागतं, तो.

मंगळवारी एसटीडी बूथवरून तुला फोन लावला, तेव्हा हेच सांगायचं होतं. पण धाकट्या भावाच्या हक्काने तू आधीच ओरडत होतास, "इक्का, पोराने गोल मारला ना? फायनलची पण कॅसेट पाठवा! नऊ वर्षं झाली, मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही!" मागे तुझ्या खोलीतले लोक टाळ्या वाजवत होते. तू विचारलंस, "पोरगं कसं आहे?" मी म्हणालो, "फर्स्ट क्लास."

तो फर्स्ट क्लास नाही.

पेनल्ट्या चालू असताना आपले गडी मधल्या रेषेवर ओळीने उभे होते. कडवत्तूरच्या गड्याने त्यांचा गोल मारला. आणि आपला जौहर, आपला पिवळा शर्ट घातलेला जौहर, दोन्ही हात वर करून उडी मारून धावला आणि त्या गड्याला मिठी मारायला गेला. सगळं मैदान हसलं. "काय नकला करतो रे पोरगा!" "त्यांच्याच अंगणात त्यांची वरात काढली!" मीही माइकवरून म्हणालो, "बघा, जौहर पाहुण्यांचं अभिनंदन करतोय!" अजून गावात हीच गोष्ट चालली आहे. लहान मुलं तशी उडी मारून दाखवतात.

तुला आठवतं ना, गेल्या मोसमात तो कोणाकडून खेळायचा? कडवत्तूरकडून. निळ्या शर्टात. त्यांची जीप त्याला न्यायला यायची.

सोमवारी सकाळी तो माझ्या ओसरीवर आला. हातात बूट. काळा चहा दिला, तो त्याने हातातच धरून ठेवला. म्हणाला, "मूत्तापा, कडवत्तूरची जीप अजून आली नाही?" मला वाटलं थट्टा. मी बघत राहिलो. त्याने माझा चेहरा पाहिला, मग बुटांकडे पाहिलं, मग हसला. "गंमत केली हो." पण ते हसू उशिरा आलं, बीरान. आधी त्याचे डोळे काहीतरी शोधत होते. वर्गात पाठ न केलेला मुलगा दुसऱ्याच्या ओठांकडे बघून उत्तर देतो ना, तसा तो त्या दिवसापासून सगळ्यांकडे बघतो. सगळे हसले की हसतो. दुपारी खिडक्या लावून घेतो, उजेड सोसत नाही. सुहरा म्हणते दृष्ट लागली. तिने मिरच्या उतरवल्या. "इक्का, मिरच्या जळल्या पण ठसका आला नाही," असं सांगताना ती रडली.

मी त्याला मंजेरीला डॉक्टरांकडे नेलं. कुठला वार, कुठला महिना, सगळं त्याने धडाधड सांगितलं. वाटेत बसमध्ये त्याने शेजारच्या माणसाला वार विचारला होता, ते मी ऐकलं होतं. मी डॉक्टरांना हात वर करून धावल्याचं सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "डोक्यावर दुसरा मार बसला तर काय होईल ते मला विचारू नका. दोन महिने मैदान बंद." मुष्टियोद्ध्यांविषयी वाचनालयात एक लेख वाचला होता. परत जाऊन तो वाचला आणि मासिक मिटून ठेवलं. त्यात जे पुढे होतं ते तुला लिहिणार नाही.

बाहेर आल्यावर जौहरने माझा हात धरला. "मूत्तापा, दम्मामला उप्पाला सांगू नका. फायनलच्या कॅसेटसाठी उप्पाने टीव्ही घेतलाय. फक्त एक मॅच. मग झोपून राहतो, शपथ." मी म्हणालो, "आणि पुन्हा लागलं तर?" तो म्हणाला, "नाही लागणार. मी डोकं घालणारच नाही." जो मुलगा चेंडू हवेत दिसला की आधी उडतो आणि मग विचार करतो, तो असं म्हणाला.

कुंजिप्पाकडे गेलो. त्याचं उत्तर ऐक: "डोक्याला लागलंय ना मास्टर, पायाला नाही? गोल पायाने मारतात." मी डॉक्टरांचं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर काय सर्दीलाही मैदान बंद सांगतात. त्याचा बाप काय म्हणतो? बाप खेळ म्हणतो ना? मग तुम्ही कोण?" मी म्हणालो, "मैदानावर डॉक्टर ठेवा, डोक्याला लागलेला गडी बाहेर काढायचा नियम करा." तो हात जोडून म्हणाला, "तुम्ही भाषण करा. खेळाचं आम्ही बघतो."

जौहरला कोंडून ठेवता येणार नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे, आणि न्यायला सगळं गाव येईल. मला फार भीती वाटते, बीरान. गॅलरीची नाही, कुंजिप्पाची नाही. शिट्टी वाजेल, चेंडू वर जाईल, आणि तो उडेल. डोळे मिटले की मला एवढंच दिसतं. त्याचे पाय जमिनीवर परत आलेले दिसत नाहीत.

उद्या संध्याकाळी माइक माझ्या हातात आहे. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. नाव पुकारल्याशिवाय गडी रेषेच्या आत पाऊल टाकत नाही. मी सहा नावं वाचेन. मग सातवं का वाचत नाही ते सगळ्या मैदानाला सांगेन. ती मिठी गंमत नव्हती, हेही सांगेन. त्यानंतर कुठलाच रेफ्री त्याला आत घ्यायला धजणार नाही, आणि पुढच्या मोसमात कुठलाच क्लब जीप पाठवणार नाही. त्याचं नाव माझ्याच तोंडाने बुडेल. तो मला माफ करेल असं वाटत नाही. तूही करशील असं वाटत नाही. पण फायनलच्या कॅसेटमध्ये तुझा मुलगा नसेल आणि तुझ्या घरात असेल, एवढंच मला साधायचं आहे.

आता सेमीफायनलची कॅसेट लाव. तो हात वर करून धावेल तेव्हा तुझ्या खोलीतले सगळे हसतील. तू हसू नकोस. चित्र तिथेच थांबव आणि त्याचा चेहरा नीट बघ. तो खरोखर आनंदात आहे.

मग टीव्ही बंद कर आणि सुट्टी माग.

उद्या माइकसमोर आयुष्यात पहिल्यांदाच भिऊन उभा राहणारा,
तुझा इक्का,
अलवी