बग्गीतली जागा

प्रिय गोकर्ण,

जुम्लाला टपाल पोचायला महिना लागतो म्हणतात. एकदा टाकलेलं पत्र परत मागता येत नाही, म्हणून धीर आहे तोवर आजच टाकतो आहे.

दरबारातलं आपलं दफ्तर आहे तसंच आहे. नवा राजदूत आला की आधी माझ्याकडे तालमीला येतो. तीन पावलं चालायचं, मान लववायची, आपल्या राजाचं पत्र द्यायचं आणि पाठ न दाखवता मागे सरायचं. तालमीत महाराजांच्या जागी मी उभा राहतो. एकोणीस वर्षं उभा आहे, आणि खऱ्या दिवशी पडद्यामागे! राजदूताला दरबारात आणताना बग्गीत त्याच्यासमोर बसून काठमांडूभर मिरवायचास तू, माझ्यामागून सात वर्षांनी लागलेला. राणीपोखरी तळ्याच्या कडेला बायका गर्दी करायच्या, त्यात माझी बायको, तुझी भाउजूही असायची. "गोकर्णबाबूंना दौरा-सुरुवालचा पोशाख काय शोभतो! नाहीतर आमचं हे ध्यान," असं भात वाढता वाढता म्हणायची. मी वरवर हसायचो. तुझा हेवा वाटायचा, गोकर्ण. अगदी जळायचो मी.

दशैंच्या सणाआधीचा तो दिवस तू विसरला नसशील. पत्र स्वीकारायचा मुहूर्त अकरा सदतीसचा ठरला होता. सकाळी राजज्योतिष्यांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला: गणित चुकलं होतं, मुहूर्त अकरा सातचा. मी सही करून चिठ्ठी घेतली आणि तुला सांगायला अंगणात आलो. तू टोपी तिरकी करून घोड्याला गूळ भरवत होतास. मला बघून, थोरल्या भावाला हाक मारावी तसा म्हणालास, "हर्षमान दाई, एकदा तुम्हीही बसा की बग्गीत! घोडे काही चावत नाहीत." सगळे मोतद्दार खो खो हसले. मी तसाच मागे फिरलो.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तू जुन्याच वेळेला बग्गी आणलीस, महाराज ताटकळले, मुहूर्त टळला, राजदूताला दारातूनच परत पाठवावं लागलं. मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्यादेखत म्हणालो, "मी सांगितलं होतं." आणि तू काय म्हणालास? "दाई म्हणतात तर सांगितलंच असेल. माझ्याच ध्यानात राहिलं नसेल." अरे, भांडायचंस तरी! तुझ्या त्या भलेपणाचाही मला हेवाच वाटला.

तुझी जुम्लाला बदली झाली आणि तुझी जागा मला मिळाली. काल पहिल्यांदा बग्गीत बसलो. राणीपोखरीशी एक म्हातारी ओरडली, "अगो बाई, आमचा गोकर्ण कुठंय?" घोडासुद्धा निघताना मान वळवून गूळ शोधत होता. घरी आल्यावर तुझ्या भाउजूला सगळं सांगून टाकलं. ती ताट वाढून आत निघून गेली.

ती चिठ्ठी पत्राला टाचली आहे. तिच्यावर माझी सही आहे, आणि ती मिळाल्याची वेळही: सव्वानऊ. स्वतः साहेबांपुढे जाऊन उभं राहायची माझी छाती होत नाही. तू ती दरबारात पाठव आणि परत ये. मला भीती एकाच गोष्टीची वाटते: तू ती फाडून टाकशील आणि मला माफ करशील. तसं करू नकोस, गोकर्ण. एकदा तरी माझ्याइतका लहान हो.

तुझाच, अजूनही जळणारा,
हर्षमान दाई